मदत हवी आहे: सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या भावासाठी व्यायाम

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला सिस्टिक फायब्रोसिस आहे (जन्मजात आजार, यात फुप्फुसांत आणि पचनसंस्थेत घट्ट, चिकट स्राव साचतो), वय २६, आम्ही नागपूरचे. डॉक्टरांनी व्यायाम सुरू करायला सांगितलंय: भरभर चालणं, सायकल, हलकी वजनं. छाती मोकळी करायची फिजिओथेरपी चालूच राहील, व्यायाम तिच्या जागी नाही.

मला खरी काळजी उन्हाळ्याची आहे. या आजारात घामातून मीठ खूप जातं, आणि इथे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत चढतो. शिवाय एवढा घाम जाऊनही त्याला पुरेशी तहान लागत नाही, तो स्वतःहून पाणी मागतच नाही. म्हणून पहाटेच व्यायाम आणि सोबत ओआरएस, असं ठरवलंय. मीठ किती वाढवायचं ते डॉक्टरांनाच विचारेन.

प्रौढ रुग्णांना शिकवणारे, हा आजार नीट माहीत असलेले फिजिओथेरपिस्ट विदर्भात कुणाला ठाऊक आहेत का? ऑनलाइनही चालेल. मात्र याच आजाराच्या इतर रुग्णांसोबतचा ग्रुप क्लास नको, फुप्फुसातले जंतू एकमेकांना लागतात.

आणखी एक, वजन घटू नये म्हणून व्यायामानंतर काय खायला देता? शेंगदाण्याचे लाडू आणि सोबत अन्न पचायला लागणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्या देते, पण लाडवांना तो कंटाळलाय. कृपया सांगा.