प्रामाणिक अधिकाऱ्याचीही भीती वाटते

‘तपास बिघडतो तो वरून आलेल्या फोनमुळे’ या मताला पुस्ती जोडतो. मला जास्त धास्ती वाटते ती ‘आरोपी हाच’ अशी मनोमन खात्री पटलेल्या प्रामाणिक अधिकाऱ्याची. आरोपीच्या बाजूने बोलणाऱ्या साक्षीदाराचा जबाब तो नोंदवतच नाही, आणि यात काही चुकलं असं त्याला वाटतही नाही! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये ब्रेडी खटल्यात म्हटलं, की आरोपीच्या फायद्याचा महत्त्वाचा पुरावा सरकार पक्षाने दडवणं हा न्याय्य प्रक्रियेचा भंग आहे. पण जे कागदावर आलंच नाही, ते बचावाचा वकील मागणार कसं? इंग्लंडमध्ये १९८४ च्या कायद्याने कोठडीची जबाबदारी त्या तपासात नसलेल्या अधिकाऱ्याकडे दिली. तशीच वेगळी नजर जबाबांवरही हवी, अगदी पहिल्या दिवसापासून.