वेचणीच्या हंगामात रोजची प्रार्थना सोडावी का?

वर्धाकाठचा शेतकरी :
आमची ख्रिस्ती मंडळी पंचवीस-तीस घरांची असून बहुतेक घरे कापूस, तूर आणि मजुरी यांवर चालतात. गेल्या रविवारी उपासनेनंतर असा प्रस्ताव आला की, वेचणी सुरू झाल्यामुळे संक्रांतीपर्यंत बुधवारची प्रार्थनासभा बंद ठेवावी आणि घरोघरच्या कौटुंबिक प्रार्थनेचाही आग्रह धरू नये. मी विरोध केला, परंतु त्या वेळी माझे म्हणणे मला नीट मांडता आले नाही, म्हणून येथे मांडतो.

तीन वर्षांपूर्वी हा प्रयोग मी स्वतःच करून बसलो आहे. दिवसा वेचणी आणि रात्री हरभऱ्याचे ओलीत, कारण कृषिपंपाची वीज रात्रीच मिळे; त्यामुळे पहाटेचे वाचन सुटले आणि सुटल्याचे काही वाटलेही नाही. त्याच हंगामात धुऱ्यावरून थोरल्या भावाशी बिनसले आणि आमचा अबोला महाशिवरात्रीपर्यंत टिकला. येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना रोज म्हणत असतो, तर आपल्या ऋणींना ऋण सोडल्याच्या ओळीपाशी मी पहिल्याच आठवड्यात अडखळलो असतो. ठरलेल्या प्रार्थनेचा उपयोग मला हाच वाटतो : जे शब्द आपण आपल्या सोयीने कधी निवडले नसते, ते ती रोज उच्चारायला लावते. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पत्रात सुभक्तीची कसरत करायला सांगितले आहे, आणि कसरत सवड मिळेल तेव्हा करून चालत नाही.

मागणीही फार मोठी नाही. येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांचे मिळून ८९ अध्याय होतात. रोज एक वाचला, तर दिवाळीनंतर सुरू केलेले वाचन वेचणीच्या तीन महिन्यांत पूर्ण होते, आणि एका अध्यायाला पंधरा मिनिटे पुरतात.

वेचणाऱ्या आईची मुलगी :
दादा, ती पंधरा मिनिटे कोणाच्या वेळेतून काढायची, हे आपण लिहिलेले नाही. माझी आई पहाटे चारला उठते, चूल पेटवते, दोन वेळच्या भाकरी करते, डबे भरते आणि सातला टेम्पो येतो त्यात बसते. मजुरी किलोवर असल्यामुळे वावरात गेलेली प्रत्येक घटका संध्याकाळी काट्यावर दिसते. घरी आल्यावर पुन्हा चूल आहेच. ज्या घरांत कौटुंबिक प्रार्थना नियमित चालते, तेथे वडील पवित्र शास्त्र उघडून बसल्यावर बाई हात पुसत येते आणि ‘आमेन’ म्हणून परत चुलीकडे जाते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

आईला वाचता येत नाही. तिला पवित्र शास्त्रातील २३वे आणि १२१वे स्तोत्र तोंडपाठ आहे, आणि नारायण वामन टिळकांची भजने ती कापूस वेचताना म्हणत असते. एकदा मंडळीच्या एका सेवकांनी, म्हणजे पाळकांनी, घरी येऊन ‘वाचन सुरू आहे ना?’ असे विचारले, तेव्हा तिने खाली मान घातली. दिवसभर स्तोत्र म्हणणाऱ्या बाईला आपण नापास आहोत असे वाटावे, हे कसले आत्मिक आरोग्य?

निवृत्त शिक्षक, यवतमाळ जिल्हा :
मुली, त्यांनी तसे विचारायला नको होते. परंतु तुझ्याच लिहिण्यात नियमाच्या बाजूचा पुरावा आहे. ती स्तोत्रे आईला पाठ कशी झाली? कोणीतरी, बहुधा तुझ्या आजीने किंवा शब्बाथशाळेच्या (मंडळीच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाच्या) बाईंनी, ती ठरलेल्या वेळी वर्षानुवर्षे म्हणवून घेतली असणार. आज तुम्ही नियम मोडलात, तर तुझ्या मुलीला वावरात म्हणायला काय उरेल?

टिळकांचे नाव आले म्हणून सांगतो. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परदेशी गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. ते पुस्तक त्यांना प्रथम रुचले नव्हते. वाचण्याचे वचन दिले होते एवढ्याचसाठी त्यांनी ते वाचायला घेतले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते त्यांना सोडवेनासे झाले. १८९५मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. गोडी लागेपर्यंत थांबले असते, तर ते पुस्तक ट्रंकेतच राहिले असते.

वेळ नसण्याविषयी एवढेच म्हणतो की, ‘दिदाखे’ या आरंभीच्या काळातील ख्रिस्ती लेखात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा करावी असे सांगितले आहे, आणि त्या काळच्या मंडळ्यांत गुलामही होते, ज्यांच्या दिवसावर त्यांची स्वतःची मालकी नव्हती. अर्थात तेथे लहानशी प्रार्थनाच सांगितली आहे, अध्यायभर वाचन नव्हे, हे मान्य करतो.

बाजाराच्या दिवसाची वाट पाहणारा :
आपण सर्व जण घड्याळावर बोलत आहात. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात वेळ ठरवून दिलेली एक आज्ञा आहे : गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी. आमच्याकडे चुकारा आठवडी बाजाराच्या दिवशी होतो, आणि कापसाचा भाव पडला की तोही पुढच्या बाजारावर जातो. मी ज्यांच्या वावरात वेचतो त्यांपैकी एका घरी पहाटे पाचला प्रार्थना होते. तिचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. दोन आठवड्यांचे पैसे त्या घराकडेच अडकले आहेत. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असे लिहिले आहे, आणि यशयाने ५८व्या अध्यायात उपास करणाऱ्यांना नेमके हेच सुनावले आहे की, उपासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना राबवता. चुकारा ज्या दिवशीचा त्या दिवशी होऊ द्या. मग पहाटेच्या प्रार्थनेवर बोलू.

वर्धाकाठचा शेतकरी :
बाजाराच्या दिवशी एकरकमी पैसे द्यावेत, असे माझ्याकडील मजूर स्वतःच सांगतात, कारण रोजच्या रोज दिले तर ते घरापर्यंत पोहोचत नाहीत, असे बायकांचे म्हणणे असते. परंतु पुढच्या बाजारावर ढकलणे मीही दोनदा केले आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आपण दाखवलेले यशया आणि याकोब कोणीतरी रोज उघडून वाचल्याशिवाय माझ्यासारख्याला टोचणार कसे, एवढे मात्र विचारतो.

आरोग्य सेविका, अमरावती जिल्हा :
‘आत्मिक आरोग्य’ हा शब्द येथे सहज वापरला जात आहे, म्हणून माझ्या कामातील एक गोष्ट लिहिते. २०१७मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस गेला, त्या हंगामात मंडळीतील एका शेतकऱ्याची झोप दोन महिने उडाली होती. तो जेवत नव्हता, बोलत नव्हता. तुझी प्रार्थना कमी पडते, असे त्याला तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितले. शेवटी त्याच्या बायकोने त्याला जिल्हा रुग्णालयात नेले, औषध सुरू झाले आणि हळूहळू तो सावरला. प्रार्थनेचा नियम हे नैराश्याचे औषध नव्हे. नैराश्यातील माणसाला नियम पाळताच येत नाही, आणि मग तेच त्याच्या दोषांच्या यादीत जमा होते.

शास्त्रात याला आधार हवा असेल तर पहिल्या राजांच्या पुस्तकातील १९वा अध्याय पाहावा. संदेष्टा एलीया मरण मागून झुडपाखाली झोपला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा जेवू घातले. ८८वे स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहते, आणि तरीही ते प्रार्थना म्हणूनच संग्रहात आहे. कोणाच्या घरी असे दुखणे असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. सोबत प्रार्थना करणाऱ्यांनी तो फोन लावूनही द्यावा.

वेचणाऱ्या आईची मुलगी :
गुरुजींचा प्रश्न मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली की, तिची आई दिवेलागणीला पाचही मुलांना ओळीने बसवून स्तोत्र म्हणवून घेत असे आणि त्या वेळी चुलीपाशी तिचे वडील बसत असत. म्हणजे गुरुजींचे म्हणणे निम्मे खरे निघाले, आणि उरलेल्या निम्म्याचे आमच्या मंडळींत कोणी नाव काढत नाही. बुधवारची सभा बंद करू नये, असेच आईचेही मत पडले. तिची अट एकच आहे : सभा रात्री आठला, अर्ध्या तासाची असावी, वाचणाऱ्याने मोठ्याने वाचावे, आणि ज्या घरी सभा असेल तेथील त्या संध्याकाळचा स्वयंपाक पुरुषांनी करावा.

वर्धाकाठचा शेतकरी :
येत्या बुधवारची सभा आमच्या घरी आहे. भाऊ येणार आहे. भाकर मला थापता येत नाही, खिचडी करीन.