मदत हवी आहे : कोबॉट, डीव्हीआर आणि ऑफिसचा पीसी एकाच राउटरवर, वेगळे कसे करू?

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीनशॉप आहे. फाउंड्रीतून आलेली कास्टिंग सीएनसी लेथवर लावायला आता कोबॉट, म्हणजे माणसाशेजारी काम करणारा रोबोटचा हात, येतोय. त्याच्याभोवती जाळी नसणार, म्हणजे आमचा ऑपरेटर अगदी हाताच्या अंतरावर उभा. सप्लायरचा इंजिनिअर म्हणतो, "राउटरवर पोर्ट उघडून ठेवा, अडलं तर पुण्यातूनच बघतो." म्हणजे इंटरनेटवरून आत यायला दार कायम उघडं. मला हे अजिबात पटत नाही.

त्याच राउटरवर डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डबा) आहे, टॅलीचा पीसी आहे, पोरांचे मोबाईल आहेत. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते कंपनीतून आलेले पासवर्ड तसेच होते म्हणून. डीव्हीआरमधून कुणी आत शिरला तर कोबॉटपर्यंत त्याला अडवणार कोण? आमचा पीएलसी, म्हणजे मशीनला हुकूम देणारा छोटा कंट्रोलर, मॉडबसवर चालतो. मशीनांनी एकमेकांशी बोलायचा हा १९७९ चा प्रोटोकॉल, पासवर्डची सोयच नाही. नेटवर्कात जो असेल त्याचा हुकूम तो ऐकतो.

२०१७ मध्ये ट्रेंड मायक्रो आणि मिलानच्या पॉलिटेक्निकच्या संशोधकांनी एबीबी कंपनीच्या रोबोटवर प्रयोग केला होता. कंट्रोलरमधल्या सेटिंग बदलून रोबोटचा हात किंचित चुकवता येतो. शिवाय ऑपरेटरच्या स्क्रीनवर मोटर बंद दाखवून रोबोट चालू ठेवता येतो. हात चुकला तर माल रिजेक्ट होईल, ते सोसता येईल. पण स्क्रीनवर विश्वास ठेवून पोराने लेथच्या चकात (माल पकडून फिरवणाऱ्या भागात) हात घातला तर? इमर्जन्सी बटण आहे, पण ते दाबायला धोका आधी दिसायला हवा. आणि माणसाला धक्का लागताच कोबॉट थांबतो, तो कंट्रोलरमध्ये भरलेल्या मर्यादांवर.

म्हणून विचारतो. मॅनेज्ड स्विच घेऊन व्हीलॅन (एकाच वायरिंगवर वेगवेगळी नेटवर्कं) करावं, की मशीनसाठी सरळ वेगळा राउटर घ्यावा आणि त्याला इंटरनेटच देऊ नये? सप्लायरला गरजेपुरतं व्हीपीएन (बाहेरून आत यायची सुरक्षित वाट) द्यायचं, काम झालं की आमच्याकडून बंद, असं कुणी करारात लिहून घेतलंय का? शब्दरचना मिळाली तर फार बरं. सेफ्टी सेटिंगचा पासवर्ड सप्लायरकडे राहतो की आपल्याकडे घेता येतो?

मच्छे, शिरोली किंवा गोकुळ शिरगावात कुणी हे बसवलं असेल तर जरूर लिहा. आमचा एक ऑपरेटर खानापूरचा, एक बैलहोंगलचा, त्यामुळे मशीनजवळ लावायच्या सूचना कानडीतही कुणाकडे असतील तर हव्या आहेत.