अनिश्चितता तत्त्वातून इच्छास्वातंत्र्य निघतं का?

तरंग: रविवारी पार्ल्याच्या वाचनकट्ट्यावर हायझेनबर्गचं अनिश्चितता तत्त्व मांडायचं आहे. नेहमी सांगतात ते असं: मोजायला गेलं की इलेक्ट्रॉनला धक्का बसतो, म्हणून स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) एकदम कळत नाहीत, म्हणून नियतत्ववाद (सगळं आधीच ठरलेलं असतं हे मत) संपला आणि माणूस मोकळा झाला. यातली कोणती कडी टिकते? दहा बाय दहाच्या खोलीत काही दाखवता येईल का?

दादर_पश्चिम: पहिलीच कडी कच्ची आहे. धक्क्याचं चित्र हायझेनबर्गच्या १९२७ च्या लेखातलं. त्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ केनार्डने सिद्ध केलेली असमानता वेगळं सांगते. एकाच रीतीने तयार केलेले हजारो इलेक्ट्रॉन घ्या. निम्म्यांचं फक्त स्थान मोजा, उरलेल्यांचा फक्त संवेग. दोन्ही प्रमाण विचलनांचा (म्हणजे उत्तरं किती पसरली त्याच्या मापांचा) गुणाकार एच-बार या क्वांटम स्थिरांकाच्या निम्म्याखाली येत नाही. एकाही इलेक्ट्रॉनवर दोन मोजमापं झालेली नाहीत, मग धक्क्याला दोष कसा द्यायचा?

कट्ट्यावर तानपुरा घेऊन जा. तार दोन सेकंद वाजली की स्वर लागतो. १० मिलिसेकंदांत दाबली तर नुसतं ‘टक्’. १३० हर्ट्झच्या षड्जाची त्यात जेमतेम सव्वा आवर्तनं बसतात. आपला कान कमी पडला असं नव्हे, एवढ्याशा आवाजाला नेमका स्वर नसतोच. इलेक्ट्रॉनही लाटेसारखा वागतो: स्थान आखडलं की संवेग पसरतो.

पुंज: प्रयोगाला लॅमिंग्टन रोडवरचा लाल लेसर पॉइंटर पुरतो, साधारण ६५० नॅनोमीटरचा. दाढीच्या दोन ब्लेडांच्या धारा समोरासमोर आणा, मध्ये झेरॉक्सचा कागद उभा धरा, ब्लेडं काचपट्टीला चिकटवा आणि कागद काढून घ्या. फट साधारण ०.१ मिलिमीटर होते. ३ मीटरवरच्या भिंतीवर मधला पट्टा सुमारे ३.९ सेंटिमीटर पसरतो. फट निम्मी केली की तो दुप्पट: फटीने प्रकाशाचं स्थान आखडलं की आडवा संवेग पसरतो. १ मिलिमीटरची फट राहिली तर पट्टा ३.९ मिलिमीटरचाच होतो आणि लेसरच्या ठिपक्यात लपतो. बहुतेकांचं इथेच फसतं. ब्लेडवरून उसळलेला किरणही कुणाच्या डोळ्यात जाऊ देऊ नका.

आणि एवढं सांगाच: ही नक्षी नुसत्या लाटेच्या हिशेबानेही समजते. एकेक फोटॉन सोडला तरी ठिपक्याठिपक्याने तीच जमते, क्वांटमचं नवल तिथे आहे.

तरंग: मग “मोजण्याआधी मूल्यच नसतं” असं म्हणू?

गिरगाव_४: नको, केनार्डच्या गणितातून तेवढं निघत नाही. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोमच्या १९५२ च्या मांडणीत कणाला प्रत्येक क्षणी नेमकं स्थान असतं, सगळं नियत असतं, तरी भाकितं तीच येतात. खरी कसोटी भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलची, १९६४ ची: जोडीने तयार झालेले दोन कण दूर नेऊन मोजायचे आणि उत्तरं किती जुळतात (सहसंबंध) ते पाहायचं. उत्तरं आधीच ठरलेली आहेत आणि दूरच्या मोजमापाचा इथे परिणाम होत नाही, हे दोन्ही धरलं तर सहसंबंधांची एक ठरावीक बेरीज २ च्या वर जात नाही. क्वांटममध्ये ती २.८३ पर्यंत जाते. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या प्रयोगात मोठ्या पळवाटा (निकालाचं दुसरं कारण सांगायला वाव देणाऱ्या त्रुटी) एकदम बंद करूनही २ ओलांडले गेले. म्हणजे नियतत्व ठेवता येतं, पण मग सहसा स्थानिकता, म्हणजे दूरच्या मोजमापाचा इथे परिणाम होत नाही हे गृहीतक, सोडावी लागते.

‘सहसा’ म्हणतो, कारण बेलच्या सिद्धतेत आणखी एक गृहीतक आहे: कोणत्या दिशेने मोजायचं ही निवड कणांच्या पूर्वस्थितीवर अवलंबून नाही. तेव्हा तुमची शेवटची कडी उलटी बसवा. किरणोत्सारी अणू कधी फुटेल हे ठरलेलं नसलं तरी तो निर्णय घेत नाही. यदृच्छेतून इच्छा निघत नाही. उलट, निवडीचं हे स्वातंत्र्य आपण प्रयोगाच्या आधीच धरून चालतो.