पुढे आलेल्या कानांची शस्त्रक्रिया कोणत्या वयात करावी?

प्रश्न: माझा मुलगा ७ वर्षांचा आहे. वर्गातली मुले कानांवरून चिडवतात, म्हणून तो भर उकाड्यातही टोपी काढत नाही. शस्त्रक्रिया आताच करावी की थांबावे?

उत्तर १: ५-६ वर्षांपर्यंत कानाची बहुतेक वाढ झालेली असते, त्यामुळे वय आड येत नाही, मात्र त्याची स्वतःची इच्छा आहे का, हे आधी शांतपणे विचारा.

उत्तर २: माझी शस्त्रक्रिया १९व्या वर्षी झाली. कानामागे छेद घेऊन, कूर्चेला (कानाला आकार देणाऱ्या लवचीक, मऊ हाडाला) टाके घालून, जन्मतः न पडलेली घडी तयार करतात. ऐकण्यावर परिणाम होत नाही. नंतर काही आठवडे झोपताना पट्टा बांधावा लागला, आणि कुशीवर वळलो की ठणक लागून जाग येत असे.

उत्तर ३: शस्त्रक्रियेनंतर एकाच कानाचे दुखणे अचानक वाढले, तर आत रक्त साकळलेले असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.