अनंत म्हणून आणलेलं झाड नक्की कसलं?

अंगणवेडी:
दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून अनंत म्हणून रोप आणलं. आता कमरेएवढं झालंय, पांढरी डबल पाकळ्यांची फुलं वर्षभर येतात पण वास जवळजवळ नाहीच, रात्री नाक जवळ नेलं तर किंचित. माझ्या आजोळी अनंत होता, एक फूल देवापुढे ठेवलं की माजघरापर्यंत दरवळायचं, म्हणूनच तर हौसेने आणलेला. खत कमी पडतंय का?

मातीतले हात:
ताई, खताचा काही संबंध नाही, मला वाटतं ही डबल तगर आहे. एक पान देठापासून तोडून बघा. पांढरा चीक आला तर तगर, अनंताला चीक नसतो. आणि फूल झाडावरच राहू द्या, अनंताचं एकदोन दिवसात पिवळसर पडतं, तगरीचं पांढरंच राहून कोमेजतं.

अंगणवेडी:
आत्ताच तोडलं, चीक भळाभळा आला 😔 मागच्या पावसाळ्यात यावर बोटाएवढी जाड हिरवी अळी होती, पुढच्या बाजूला दोन निळे डोळे असल्यासारखी, अर्धं झाड खाल्लं तिने.

पाखरू:
मग शंकाच नको! ती कण्हेरीवरच्या पतंगाची अळी, कण्हेर आणि तगर एकाच कुळातल्या म्हणून दोन्ही खाते. अनंत कॉफीच्या कुळातला. ते निळे डोळे खरे नसतात, पक्ष्यांना घाबरवायला असतात. प्लीज औषध मारू नका, तगर परत फुटते आणि हिरवा-गुलाबी पतंग इतका देखणा असतो की बघतच राहाल.

काकडआरती:
अजून एक घोळ सांगतो, काष्ठौषधीच्या दुकानात तगर म्हणून जी मुळी मिळते ती हिमालयातल्या वेगळ्याच वनस्पतीची, या झाडाची मुळं काढून कुणी काढा करू नका.

मातीतले हात:
अनंत हवाच असेल तर फुलावर आलेलंच रोप घ्या, वास घेऊनच. पानांवरच्या शिरा खोल दिसतात, कधी एका पेराला तीन पानं असतात. बोअरचं जड पाणी घातलं तर पानं पिवळी पडतात, आम्ल माती लागते त्याला, जमलं तर पावसाचं पाणी साठवून घाला.

अंगणवेडी:
तगर काढणार नाही, रोज परडीभर फुलं देते पूजेला. अनंतासाठी शेजारी मोठी कुंडी ठेवते, यावेळी आईलाच घेऊन जाते नर्सरीत.