रीलोड झालं तरी जुने ऑब्जेक्ट जुनेच राहतात

पायथनमध्ये प्लगिनची, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमला जोडलेल्या छोट्या कोडची, 'फाइल बदलली की इम्पोर्टलिबचं रीलोड मारून ती पुन्हा वाचून घ्यायची, प्रोग्रॅम बंद करायला नको' असं काहीजण म्हणतात, ते मला निम्मंच पटतं. पायथनचं रीलोड मॉड्यूल (फाइलीतून लोड झालेला कोड) तेच ठेवतं आणि त्याच्याच डिक्शनरीत (नावांच्या यादीत) कोड पुन्हा चालवतं. त्यामुळं फाइलीतून काढून टाकलेलं फंक्शन आत तसंच शिल्लक राहतं, आणि आधी तयार झालेले ऑब्जेक्ट जुन्याच क्लासला, म्हणजे ज्या साच्यातून ते बनले त्याला, धरून बसतात.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) हे मी भोगलंय. स्पेक्ट्रोमीटरवरचे (धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्रावरचे) कार्बन, सिलिकॉन, मँगनीजचे आकडे तपासायला प्रत्येक ग्रेडचं (धातूच्या प्रकाराचं) वेगळं प्लगिन होतं. रात्रपाळीत एका ग्रेडची मर्यादा बदलली आणि त्यासोबत बेस क्लासचं (सगळी प्लगिनं ज्यावर बांधलेली त्या क्लासचं) मॉड्यूलही रीलोड केलं. बाकीची प्लगिनं अजून जुन्या बेस क्लासचीच होती, त्यामुळं ऑब्जेक्ट त्या क्लासचा आहे का हे बघणारी 'इझइन्स्टन्स'ची चाचणी त्यांना ओळखेना. एरर नाही, काही नाही. ती गुपचूप वगळली गेली आणि तीन हीट (वितळलेल्या धातूच्या खेपा) न तपासताच पुढं गेल्या. ओतकाम थांबवून नमुने परत घ्यावे लागले. त्या रात्रीची धडधड अजून आठवते.

तेव्हापासून प्रत्येक प्लगिन वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र प्रोग्रॅमसारखं, चालवतो. आकडे दोन प्रोसेसना जोडणाऱ्या पाइपमधून जेसनमध्ये (साध्या मजकुराच्या रूपात) पाठवायचे, निकाल तसाच परत घ्यायचा. फाइल बदलली की तेवढीच प्रोसेस नव्यानं सुरू करायची. थोडा वेळ जादा जातो, पण हीट तयार व्हायला लागणाऱ्या वेळापुढं तो काहीच नाही. शिवाय एखादं प्लगिन कोसळलं तरी मुख्य प्रोग्रॅम उभा राहतो. आणि कुणाच्या जुन्या कोडमध्ये 'इम्प' मॉड्यूल (इम्पोर्टलिबच्या आधीची जुनी सोय) असेल तर ते आताच बदला, पायथन ३.१२ पासून ते काढून टाकलंय.